आत माणूस आहे

"आपोआप गेली पाहिजे," ठीकसाहेब म्हणाले. "कोपऱ्यात यावी, दोन क्षण थांबावी आणि गुपचूप निघून जावी. आवाज नको, काही नको. माणसाला दिवसभर कामं असतात हो."

प्रोग्रामरबाईंनी मान डोलावत ते लॅपटॉपवर टिपून घेतलं. लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीसाठी नवं सॉफ्टवेअर तयार करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. संगणकाच्या पडद्यावर येणाऱ्या सूचनांनी कसं वागायला हवं, हे त्या टेबलाटेबलाशी जाऊन विचारत होत्या. हिशेबवाल्याला सूचना हिरव्या रंगात हव्या होत्या. गोदामवाल्याला नकोच होत्या. साहेबांनंतर वहिनींची पाळी आली.

वहिनी तक्रारींच्या टेबलावर बसत. लिफ्ट अडकली, दार लागत नाही, दिवा गेला, असले फोन दिवसभर घेत. कंपनीतल्या सगळ्या मेकॅनिकांच्या त्या वहिनी, कारण त्यांचे यजमान याच कंपनीत मिस्त्री होते. होते म्हणजे आहेत, घरी आहेत. उजवा पाय तेवढा गुडघ्याखाली नाही. तो याच कंपनीच्या कामावर गेला आणि त्यांच्या जागी कंपनीने वहिनींना घेतलं. मोठे उपकार केल्याच्या थाटात घेतलं. वहिनींनी उपकार मानले आणि साहेबांच्या काचेच्या केबिनसमोरचं टेबल मागून घेतलं. लोकांना वाटलं, तिथे पंख्याचा वारा चांगला लागतो म्हणून.

"ताई, तुमचं काय म्हणणं?" प्रोग्रामरबाईंनी खुर्ची ओढली.

"दारात माणूस आला तर कसा वागतो?" वहिनींनी विचारलं.

"म्हणजे?"

"आधी दार वाजवतो. कोण आलोय ते सांगतो, काय काम आहे ते सांगतो. आणि घरातलं कोणी काही बोलल्याशिवाय हलत नाही. दोन क्षण थांबून पळून जातं ते बेल वाजवणारं कार्टं. त्याच्याकडे कोण लक्ष देणार?"

प्रोग्रामरबाई हसल्या. केबिनच्या दारात रेंगाळलेले ठीकसाहेबही हसले. "वहिनींचं आपलं घरगुती," ते म्हणाले. "पण ठीक आहे, ठीक आहे."

त्यांना हे नाव मेकॅनिकांनी ठेवलं होतं. रजा मागा, ठीक. दोर झिजलाय म्हणा, ठीक. बायको दवाखान्यात आहे म्हणा, तरी ठीक. तो शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडे तेव्हा साहेबांचे कान कधीच दुसरीकडे गेलेले असत. माणूस वाईट नव्हता, असं पुष्कळ जण म्हणत. वहिनी म्हणत नसत.

जुन्या सॉफ्टवेअरमध्येही एकच बटण होतं आणि त्यावर तोच शब्द होता. मेकॅनिकाला लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरायचं असेल, तर तो मोबाइलवरून कळवायचा. साहेबांच्या पडद्यावर, कोपऱ्यात, इतर ढिगाऱ्यात एक ओळ उमटायची : आत माणूस आहे. साहेबांनी ऑफिसातूनच ती लिफ्ट बंद करायची आणि मग 'ठीक' दाबायचं. ते 'ठीक' मेकॅनिकाच्या मोबाइलवर जायचं आणि मगच त्याने उतरायचं. नियम चांगला होता. फक्त लिफ्ट बंद न करताही 'ठीक' दाबता येत होतं, आणि काहीच न दाबता बसून राहिलं तर ती ओळ आपोआप पुसली जात होती. दोन्ही वेळा मागे खूण म्हणून राहत नव्हती.

त्या दिवशी मिस्त्री खाली उतरले आणि वरून लिफ्ट आली. मोबाइल त्यांच्या हातात होता. पायाबरोबर त्याचाही चुरा झाला.

चौकशी झाली. साहेब म्हणाले, "मला काही आलंच नाही." दवाखान्यातल्या खाटेवर मिस्त्रींना विचारलं, 'ठीक' आलं होतं का? ते म्हणाले, आलं होतं. खात्री आहे? त्यावर त्या भल्या माणसाने उत्तर दिलं, "रोज येतं, तसं त्या दिवशीही आलं." चौकशीवाल्यांनी त्यातलं 'रोज येतं' तेवढं उचललं. सवयीने, उत्तराची वाट न पाहता कामगार उतरला, असा निकाल लागला. ज्या माणसाने घरातला दिवा बदलतानाही कधी मेन स्विच बंद केल्यावाचून स्टुलावर पाय ठेवला नाही, त्याला निष्काळजी ठरवलं.

मिस्त्री यावर एक शब्द बोलले नाहीत. त्यांना राग येतच नसे. "तुमच्या वाटचा रागसुद्धा मलाच करावा लागतो," वहिनी म्हणत, आणि दोघांचा मिळून भरपूर करत.

तर प्रोग्रामरबाई विचारायला आल्या, तेव्हा वहिनींचा विचार कधीचाच करून झाला होता.

"साहेबांच्या पडद्यावरून बाकी सगळं काढून टाका," त्या म्हणाल्या. "वाढदिवस, मीटिंगा, कोणाची मेल आली, सगळं. ते संध्याकाळी एकदम बघू देत. गर्दीत काही दिसलं नाही, असं म्हणायला जागा नको."

"बरोबर आहे," प्रोग्रामरबाई खूश झाल्या. "सगळंच ओरडायला लागलं की कोणीच ऐकत नाही. आणि ही एक ठेवायची?"

"ही एकच. कोपऱ्यात नाही, मधोमध. लिफ्ट खरोखर बंद होईपर्यंत जायची नाही. आणि ते 'ठीक' काढा."

"मग बटणावर काय लिहू?"

"जे करायचं तेच लिहा. 'लिफ्ट बंद केली.' खोटं बोलायचं तर माणसाला निदान शब्द वाचून खोटं बोलावं लागेल."

प्रोग्रामरबाईंनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. त्यांना बिचारीला काही माहीत नव्हतं. "आवाज मात्र लागेल, ताई. साधी घंटी दोन दिवसांत कानाआड होते."

"माणसाचा आवाज चालेल?" वहिनींनी विचारलं. "आमच्या ह्यांचा आवाज खणखणीत आहे."

मिस्त्री घरी बसून लोकांचे मिक्सर, पंखे दुरुस्त करत. संध्याकाळी वहिनींनी त्यांच्यासमोर मोबाइल धरला तेव्हा टेबलावर एका मिक्सरची आतडी पसरलेली होती.

"अहो, एवढं म्हणा यात. साहेब, मी आत आहे, लिफ्ट बंद ठेवा."

"मी कशाला? मी कुठे आत आहे आता?"

"ऑफिसला हवंय. सगळ्या पोरांसाठी आहे."

मिस्त्रींनी घसा साफ केला आणि शाळेत धडा वाचावा तसं ओरडून म्हटलं. वहिनी म्हणाल्या, असं नाही, कामावर म्हणायचात तसं. मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला. मग शांतपणे, थोडं वाकून, जणू समोर खड्डाच आहे अशा अंदाजाने ते बोलले : "साहेब, मी आत आहे. लिफ्ट बंद ठेवा."



"ठीकसाहेबांच्या पडद्यावर वाजणार हे?" त्यांनी विचारलं.

"हो."

मिस्त्रींनी पेचकस उचलला, परत ठेवला. "पुन्हा एकदा घे. 'ठेवा' नीट आलं नाही."

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं त्या सकाळी वहिनींनी फोन उचलायचं काम शेजारणीकडे दिलं आणि काचेकडे तोंड करून बसल्या. साहेब चहा पीत होते. कुठल्या तरी इमारतीत कोणी तरी उतरायला निघालं असेल, कारण साहेबांच्या संगणकातून मिस्त्री बोलले.

कप फुटला नाही. वहिनींची तेवढी निराशा झाली. पण चहा शर्टभर सांडला, आणि साहेब खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि दाराकडे बघू लागले. मिस्त्रींबरोबर त्यांनी किती वर्षं काढली होती. आवाज ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. पडद्यावर मधोमध ओळ होती. मिस्त्री पुन्हा बोलले. साहेबांनी लिफ्ट बंद केली, बटण दाबलं आणि मग हळूच काचेतून बाहेर पाहिलं. वहिनी त्यांच्याकडेच पाहत होत्या. त्या हसल्या नाहीत. हसायला घरी जाऊन पुष्कळ वेळ होता.

पुढचे दिवस वहिनींच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हे सांगायला लाज वाटायचं कारण नाही. दिवसातून किती तरी वेळा कोणी ना कोणी खड्ड्यात उतरे आणि तितक्या वेळा मिस्त्री साहेबांना हाक मारत. साहेबांनी आवाज बंद करून पाहिला. वहिनींनी प्रोग्रामरबाईंना कळवलं आणि आवाज बंद असेल तर पूर्ण पडदाच व्यापायची सोय झाली. साहेब केबिनबाहेर जाऊन बसू लागले. मग उत्तर आलं नाही की तीच हाक मालकांच्या संगणकावर जायला लागली. साहेब मालकांकडे रडगाणं घेऊन गेले. मालक म्हणाले, पोरं सुरक्षित आहेत, मेकॅनिक खूश आहेत, तुम्हाला काय त्रास होतोय? काय त्रास होतोय ते साहेबांना सांगता येईना.

मेकॅनिक खरोखर खूश होते. "वहिनी, तुमच्यामुळे जीव भांड्यात पडतो बघा," ते म्हणत. वहिनी मान हलवत. त्यांनी हे मेकॅनिकांसाठी केलं नव्हतं. झालं भलं तर होऊ दे, पण उगाच ते पुण्य आपल्या नावावर कशाला घ्यायचं, असं त्यांना वाटे.

एकदा साहेब त्यांच्या टेबलाशी आले. "वहिनी, ही सूचना तुमच्या पडद्यावर घेता का? तुमचं लक्ष चांगलं असतं."

"मी कशी घेणार साहेब? लिफ्ट बंद करायचा अधिकार तुम्हाला. मी साधी फोन उचलणारी बाई."

"निदान आवाज बदलून घेऊ. दुसरा कोणाचा तरी."

"का? ह्यांचा चांगला नाही?"

"चांगला आहे," साहेब म्हणाले. "ठीक आहे." आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. अलीकडे ते तो शब्द टाळत. त्यांचा शर्ट गळ्याशी सैल झाला होता, दाढी कुठे तरी राहून जात होती. वहिनी रोज हिशेब लावल्यासारख्या हे सगळं पाहत आणि घरी जाऊन मिस्त्रींना सांगत. मिस्त्री ऐकत, पंख्याची वाइंडिंग करत राहत, मधेच विचारत, "पण काही म्हणाला का?"

"काय म्हणणार तो?"

"नाही, सहज."

मग एका संध्याकाळी, सगळे निघून गेल्यावर, साहेब केबिनमधून बाहेर आले. वहिनी पिशवी भरत होत्या. साहेबांनी विचारलं, "बसू का?" त्यांच्या स्वतःच्याच ऑफिसात.

"वहिनी, त्या दिवशी आली होती सूचना."

वहिनींचा हात पिशवीतच राहिला.

"मी फोनवर होतो. त्या इमारतीतले लोकच बोलत होते, लिफ्ट कधी सुरू करता म्हणून शिव्या घालत होते. मधेच ती ओळ आली. मी बोलता बोलता ठीक दाबलं. नजरेसमोरून जावी म्हणून. वाचलीसुद्धा नाही. आणि लिफ्ट सुरू केली." साहेब टेबलाच्या कडेकडे बघत होते. "चौकशीत खोटं बोललो. नोकरी गेली असती. मिस्त्री वाट बघूनच उतरले होते. त्यांची काही चूक नव्हती."

हा प्रसंग वहिनींनी मनात शंभरदा घडवून आणला होता. त्यात साहेब रडत, कधी गुडघ्यावर येत, एकदा तर त्यांना नोकरीवरून काढूनही झालं होतं. पण हे बोलून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते वहिनींनी कधी धरलंच नव्हतं. साहेबांना बरं वाटत होतं. कपाळ सैल झालं होतं, श्वास पोटापर्यंत पोचत होता. आज हा माणूस घरी जाऊन जेवणार आणि गाढ झोपणार.

"मी घरी येतो, वहिनी," साहेब म्हणाले. "उद्याच येतो. मिस्त्रींना सगळं सांगतो. पाय धरतो त्यांचे."

"एकच आहे, साहेब," वहिनी म्हणाल्या.



वहिनींनी पिशवीचा बंद ओढला, संगणक बंद केला. "आणि घरी कशासाठी येताय?"

"आत्ता सांगितलं ना मी..."

"तुम्ही काही सांगितलंत का?" वहिनींनी पिशवी खांद्याला लावली. "मला काही आलंच नाही."

त्या बाहेर पडल्या तेव्हा साहेब त्यांच्या टेबलाशी तसेच बसलेले होते. रस्त्याने जाताना वहिनींना चालणं कळलं नाही. इतकं गोड त्यांच्या तोंडून आजवर काही निघालं नव्हतं. बसू दे कुजत. ओकून टाकायला बघत होता, परत त्याच्याच तोंडात कोंबलं. आता आयुष्यभर चघळ म्हणावं. बेकरीवाल्याने सुटे पैसे परत दिले तेव्हा त्याने विचारलंही, आज काय विशेष? वहिनी म्हणाल्या, काही नाही, हवा बरी आहे.

घरी मिस्त्री दिवा न लावता बसले होते. टेबल आवरलेलं होतं, आणि ते कधी आवरलेलं नसे.

"कोण आलं होतं?" वहिनींनी दिवा लावला.

"माझा जुना जोडीदार. आता नव्या पोरांना तोच शिकवतो." मिस्त्रींनी हाताने मांडी दाबली, संध्याकाळी ती ठणके. "सांगत होता, पोरांना पहिल्याच दिवशी माझं उदाहरण देतात. उत्तराची वाट न बघता उतरलं की काय होतं, ते. वाईट हेतूने नाही गं. पोरं जपून राहावीत म्हणून देतात. माझ्या तोंडावर सांगितलं त्याने. त्याला वाटलं, मला बरंच वाटेल."

वहिनी उभ्याच राहिल्या.

"मग मी दुपारभर बसून आठवत होतो," मिस्त्री म्हणाले. "आयुष्यात मी इतक्या वेळा ते ठीक बघितलंय की डोळे मिटले तरी दिसतं. पण त्या दिवशीचं होतं की आदल्या दिवशीचं, ते आता सांगता येत नाही. आधी यायचं. आता नाही येत. घाई झाली असेल माझीच. इतकी माणसं म्हणतात तर असेल." त्यांनी वहिनींकडे बघितलं. "तू आता माझा आवाज काढून टाक तिथून. चूक माझी आणि छळ त्यांना. बरं नाही दिसत."

खरं काय ते त्यांच्याजवळ होतं, अजून ऊन-ऊन होतं. पण ते दिलं की काय होणार, हेही त्या जाणून होत्या. हा देवमाणूस लगेच फोन मागणार. साहेब, झालं गेलं, मनाला लावून घेऊ नका, म्हणणार. आणि त्या माणसाची सुटका होणार, कायमची, त्यांच्याच हाताने. इतक्या कष्टाने लावलेला फास आपणच सोडून द्यायचा.

गप्प राहायचं, असं त्यांनी ठरवलं. स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायल्या. तिथून त्यांना मिस्त्रींची पाठ दिसत होती. खांदे जरा पुढे आले होते. पाय गेला तेव्हाही ते असे बसले नव्हते.

वहिनी परत आल्या आणि त्यांच्यासमोर बसल्या.

"सूचना आली होती," त्या म्हणाल्या. "ठीकसाहेब आज बोलले. फोनवर होते, वाचलीच नाही, नजरेसमोरून जावी म्हणून ठीक दाबलं आणि लिफ्ट सुरू केली. तुम्हाला ठीक आलं होतं. तुम्ही वाट बघूनच उतरलात."



"ठीक दाबलं म्हणाला?"

"हो."

"मी वाट बघितली, असं म्हणाला? त्याच्या तोंडाने?"

"हो. तुमची काही चूक नव्हती म्हणाला."

खाली रस्त्यावर कोणी तरी मोटार पुढेमागे करत होतं. वहिनींनी मन घट्ट केलं, पिशवीतून मोबाइल काढला आणि मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय?"

"त्यांना फोन करायचा असेल ना. मनाला लावून घेऊ नका म्हणून सांगायला."

मिस्त्रींनी मोबाइलकडे पाहिलं. मग तो दोन बोटांनी टेबलाच्या त्या टोकाला सरकवला.

"लावून घेऊ दे की," ते म्हणाले. खुर्चीत ताठ बसले, डोळे मिटले. "परत सांग."

वहिनींनी पहिल्यापासून सांगितलं.

"परत," मिस्त्री म्हणाले.